कल्याण ते पाषाण : न दिसणाऱ्या पावसाच्या मागावर



पाऊस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आमच्या डोंबिवलीच्या मुलांना विचारलंत, तर पटकन उत्तर येईल : रुळांवर पाणी, लोकल बंद आणि शाळेला सुट्टी! आज मी तुम्हाला एका वेगळ्याच पावसाबद्दल सांगणार आहे. हा पाऊस बाराही महिने पडतो. छत्री, रेनकोट, घराचं छप्पर, काहीच त्याला पुरतं अडवत नाही. तुम्ही हे पान वाचताय तेवढ्या वेळातही तो तुमच्या अंगावर पडून गेला आणि तुम्हाला पत्ता लागला नाही.

मलाही लागला नव्हता. आणि त्यामुळे माझ्या हातून एक चूक झाली.

मी चौथीच्या वर्गाला शिकवते. गेल्या जूनमध्ये परिसर अभ्यासाच्या तासाला 'मातीतला ओलावा' चालला होता. मैदानातली मूठभर माती आणून मी मुलांना दाखवत होते, की मुठीत दाबून गोळा झाला तर ओल आहे आणि भुगा झाला तर नाही. मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. त्याचे आजोबा मुरबाडकडे भातशेती करतात. (त्याचं नाव मी सांगत नाही, छापून आलं तर त्याला आवडणार नाही.) तो उठून म्हणाला, "बाई, माझा मामा पुण्याला पाषाणला राहतो. तो म्हणतो, तिथे आकाशातून येणाऱ्या किरणांनी मातीतलं पाणी मोजतात."

मी घाईत होते. पोर्शन मागे पडला होता. मी म्हटलं, "अरे, असं काही नसतं. आकाशातल्या किरणांनी कधी माती मोजतात का? मामाने गंमत केली तुझी." सगळा वर्ग हसला. तो खाली बसला. त्यानंतर महिनाभर त्याने हात वर केला नाही.

ती गोष्ट मला टोचत राहिली. म्हणून एका रविवारी वाचनालयात बसले आणि शोधून काढलं. मामाचं बरोबर होतं! पुण्याला पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था आहे. तिच्या आवारात खरोखरच असं यंत्र बसवलं गेलं. २०१७ नंतरच्या पावसाळ्यांत त्याने मातीची ओल मोजली आणि त्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी लेखही लिहिले. मग ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जायचं आणि ती जागा तरी बघून यायची. माझी भाची सातवीत आहे. तीही निघाली बरोबर.

कल्याणला पहाटे इंद्रायणी पकडली. गर्दी काय विचारता! पण अंबरनाथ गेल्यावर आम्हाला खिडकी मिळाली. खेळ म्हणून आम्ही ठरवलं, की आमच्या मांडीवर न्यूट्रॉन मोजायचं एक यंत्र आहे, म्हणजेच 'न्यूट्रॉन मॉनिटर'. (खरा मॉनिटर डब्यात चढवला असता तर टीसी चक्कर येऊन पडला असता. त्यात नुसतं शिसंच टनावारी असतं. तेव्हा आपला मनातल्या मनातच बरा.) तुम्हीही तो आता आपल्या मांडीवर घ्या आणि आमच्याबरोबर चला.

गाडी बदलापूर सोडते तोवर हा पाऊस येतो कुठून ते सांगते. आपल्या आकाशगंगेत दूरवर प्रचंड तारे स्फोट होऊन मरतात. अशा ठिकाणांहून निघालेले अतिशय वेगवान कण अवकाशात भटकत असतात. बहुतेक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. त्यांना विश्वकिरण म्हणतात. १९१२ साली ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस फुग्यात बसून सुमारे ५,३०० मीटर उंच गेला. किरणोत्सर्ग जमिनीतूनच येतो असा तेव्हा समज होता. तसं असतं तर वर जाताना तो कमी व्हायला हवा होता. हेसला तो वर जावं तसा वाढताना दिसला! म्हणजे तो येत होता वरून. १९३६ साली हेसला नोबेल पारितोषिक मिळालं.

पण हे मूळचे कण सहसा आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. वर हवेत नायट्रोजन नाहीतर ऑक्सिजनच्या अणूवर आदळून ते फुटतात. त्यातून नवे कण उडतात, ते आणखी अणूंवर आदळतात, त्यातून आणखी. दहीहंडी फुटल्यावर दही कसं थरांवरून सगळ्यांच्या अंगावर येतं, तसा हा सडा खाली येतो. खाली पोहोचणाऱ्यांत म्यूऑन नावाचे कण पुष्कळ असतात. एका पोस्टकार्डाएवढ्या जागेतून मिनिटाला शंभराच्या आसपास म्यूऑन जातात. आणि दुसरे असतात न्यूट्रॉन, अणूच्या गाभ्यातले विद्युतभार नसलेले कण. आमच्या मांडीवरचं यंत्र मोजत होतं ते न्यूट्रॉन. मूळ पाहुण्याची नातवंडं-पतवंडंच म्हणा ना!

"मावशी, पण न्यूट्रॉनवर विद्युतभारच नाही तर यंत्राला तो कळतो कसा?" भाचीने बरोबर विचारलं.

इथेच तर हुशारी आहे. १९४८ साली अमेरिकेत शिकागोच्या जॉन सिम्पसन यांनी हा मॉनिटर काढला. त्याच्या मधोमध लांब नळ्या असतात आणि त्यांत बोरॉन असलेला वायू असतो. नळ्यांभोवती मेणाचा किंवा प्लॅस्टिकचा थर, त्याभोवती शिशाची जाड कडी आणि सगळ्यात बाहेर पुन्हा प्लॅस्टिकचा जाड कोट. वरून वेगाने आलेला न्यूट्रॉन शिशाच्या अवजड गाभ्यावर आदळतो आणि त्यातून आणखी न्यूट्रॉन बाहेर पडतात, कधी कधी दहा-बारासुद्धा. एकाचे अनेक झाले! ते प्लॅस्टिकमध्ये टकरा खात मंद होतात. मंद झालेला न्यूट्रॉन बोरॉनच्या गाभ्याने गिळला की तो गाभा फुटतो. फुटलेल्या तुकड्यांवर विद्युतभार असतो, त्यामुळे नळीत विजेचा बारीकसा ठोका पडतो. टिक! यंत्राने एक मोजला.

आता मंद होणं म्हणजे काय ते नीट लक्षात घ्या, कारण पुढे पाषाणला तेच कामाला येणार आहे. गोट्या खेळता ना? तुमची गोटी भिंतीवर मारलीत तर ती जवळजवळ तेवढ्याच वेगाने परत येते. पण तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर नेमकी बसली, तर ती दुसरी पळते आणि आपली जागच्या जागी थांबते. न्यूट्रॉनचं तसंच. त्याच्याएवढ्याच वजनाचा गाभा असतो हायड्रोजनचा. हायड्रोजनशी साधारण १८ टकरा झाल्या की न्यूट्रॉनचा सगळा जोर संपतो. शिशाशी टकरा घेत बसला तर जवळपास दोन हजार लागतील! मेणात आणि प्लॅस्टिकमध्ये हायड्रोजन भरपूर असतो, म्हणून ते वापरतात. आणि हायड्रोजन आणखी कशात असतो? ते आत्ता सांगत नाही.

नेरळ गेलं. उजव्या हाताला माथेरानचा डोंगर होता. कर्जतला वडापाव घेतला, तो तर घ्यावाच लागतो. तिथे घाट चढण्यासाठी गाड्यांच्या मागे जादा इंजिनं लावतात. हिसका बसला की समजायचं, आता आपण वर चाललो.

घाटात आमच्या मनातल्या यंत्राची खरी मजा सुरू झाली. गाडी बोगद्यात शिरली की टिकटिक जवळजवळ बंद! डोक्यावर डोंगर आला ना. काही मीटर खडकातच न्यूट्रॉन संपतात. म्यूऑन मात्र त्याहून कितीतरी खोल जातात. (ठाणेकरांनो, तुम्ही इंद्रायणीत ठाण्याला बसलात तर हा प्रयोग आधीच होतो, १९१६ साली सुरू झालेल्या पारसिकच्या बोगद्यात. कल्याणच्या जलद लोकलही पूर्वी त्यातूनच जायच्या. २०२२ मध्ये नवे रूळ झाल्यापासून तिथून लांब पल्ल्याच्या गाड्या जातात.)

बोगद्यातून बाहेर आलं की टिकटिक पुन्हा सुरू. आणि दर वेळी आधीपेक्षा थोडी जास्त! का? कारण डोक्यावरची हवा कमी होत चालली. हवा म्हणजे या पावसाचं छप्परच. हवेचा दाब एक मिलिबारने कमी झाला की मॉनिटरची मोजणी साधारण ०.७ टक्क्यांनी वाढते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर वर, म्हणजे दाब साधारण ६५ मिलिबारनी कमी. भाचीने वहीत गुणाकार केला : ४५ टक्के. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्तच. थोडक्यात, डोंबिवलीत मिनिटाला शंभर मोजणारं यंत्र लोणावळ्याला दीडशेच्या आसपास मोजेल.

"म्हणजे घरी बसूनसुद्धा बदलत असेल," ती म्हणाली. बदलतंच! आपल्याकडे जानेवारीपेक्षा जुलैत हवेचा दाब सुमारे दहा मिलिबारनी कमी असतो. त्यामुळे पावसाळ्यात मोजणी सहा-सात टक्क्यांनी वाढते. कोणी शास्त्रज्ञ हा हिशेब करायला विसरला तर त्याला वाटेल, आकाशातच काहीतरी घडलं. म्हणून प्रत्येक मॉनिटरशेजारी वायुभारमापक ठेवतातच.

खंडाळ्याच्या पुढे गाडी सपाटीला लागली. आता आणखी एका छपराबद्दल सांगते. ते हवेचं नाही, तर चुंबकाचं. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे हे तुम्हाला माहीत आहे. बाहेरून येणारा प्रोटॉन विद्युतभारित असतो, म्हणून हा चुंबक त्याला वळवतो. ध्रुवांजवळ हे दार उघडंच असतं, कमी जोराचे कणही आत शिरतात. चुंबकीय विषुववृत्ताजवळ मात्र दार घट्ट! ते विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जातं, त्यामुळे ठाण्या-पुण्यावर फक्त फार जोरकस कणच उतरू शकतात. ध्रुवाजवळ समुद्रसपाटीवर जेवढी मोजणी होते, तिच्या निम्म्याच्या आसपासच आपल्याकडे होईल. १९२७ साली याकोब क्ले नावाच्या डच शास्त्रज्ञाला जावा बेटाच्या बोटीच्या प्रवासात हेच पहिल्यांदा दिसलं. विषुववृत्ताजवळ किरण कमी झाले होते. आपल्यासारखंच घट्ट दार असलेल्या थायलंडमध्ये डोई इंथनॉन शिखरावर, २,५६५ मीटरवर, एक मॉनिटर बसवला आहे. आपल्या देशात काश्मीरच्या गुलमर्गला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अनेक वर्षं मॉनिटर चालवला.

आणि हा चुंबक मोजायची जागा तर आपल्या शेजारीच, अलिबागला! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात लोखंड टाळलं होतं. सहलीला अलिबागचा किल्ला सगळेच बघतात, या वेधशाळेकडे कोणी वळूनही पाहत नाही. असो.

तिसरं छप्पर सूर्याचं. सूर्यावर डाग वाढले की त्याच्यापासून निघणारा चुंबकीय वारा बाहेरच्या कणांना ढकलून लावतो आणि जमिनीवरची मोजणी घटते. साधारण ११ वर्षांनी हा खेळ पुन्हा फिरून येतो. २००९ साली सूर्य फारच शांत होता. तेव्हा कितीतरी मॉनिटरांनी त्यांच्या इतक्या वर्षांतली सर्वांत जास्त मोजणी केली. उलट १० मे २०२४ ला सूर्याकडून मोठं वादळ आलं. लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला तीच रात्र. तेव्हा जगभरचे मॉनिटर एकदम खाली आले. म्हणजे जमिनीवर बसल्या बसल्या सूर्याची तब्येत कळते! अवकाशवीरांना आणि उपग्रहांना याचा उपयोग होतो.

पुणे आलं. रिक्षा करून विद्यापीठ चौकाच्या पुढे पाषाणला गेलो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेवरून पुढे झाडीतून जाणारा तो रस्ता. पाटी वाचली आणि मी भाचीला कोपराने ढोसलं. रस्त्याचं नाव, डॉ. होमी भाभा मार्ग! भाभा म्हटलं की आपल्याला अणुभट्ट्या आठवतात. बालवैज्ञानिक परीक्षेला बसणाऱ्या तुमच्यातल्या मुलांना तर त्यांचं नाव पाठच असेल. पण भाभा मूळचे विश्वकिरणांचेच अभ्यासक. तो सडा एकातून दुसरा असा कसा वाढत जातो, याचं गणित त्यांनी हाइटलर यांच्याबरोबर १९३७ साली मांडलं. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, तेव्हाही विश्वकिरण हा तिथला मोठा विषय होता. आणि आज मातीची ओल विश्वकिरणांनी मोजणारी संस्था त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर!

आत मात्र आम्ही गेलो नाही. आधी पत्र पाठवून परवानगी काढायला हवी होती, आणि शाळेच्या सहलीसाठी दर वर्षी अर्ज लिहिणाऱ्या मलाच ते सुचलं नाही. भाचीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते सांगण्यासारखं नाही. आम्ही फाटकाच्या बाहेर झाडाखाली उभ्या राहिलो आणि तिथेच मी तिला राहिलेली गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगते.

मघाशी मी एक प्रश्न अर्धा सोडला होता. हायड्रोजन आणखी कशात असतो? पाण्यात! प्रत्येक रेणूत दोन दोन.

आकाशातून आलेले न्यूट्रॉन मातीत शिरतात, मातीतल्या अणूंवर टकरा खातात आणि त्यांतले बरेच पुन्हा वर हवेत येतात. माती कोरडी असेल तर ते भिंतीवर आपटलेल्या गोटीसारखे वेगात परत येतात. माती ओली असेल तर पाण्यातला हायड्रोजन त्यांना मंद करून टाकतो आणि वर येणारे वेगवान न्यूट्रॉन कमी होतात. म्हणून जमिनीपासून थोड्या उंचीवर खांबाला एक मोजणी-नळी लावायची, तिच्याभोवती प्लॅस्टिकचा पातळ थर द्यायचा आणि मोजत बसायचं. आकडा घटला म्हणजे ओल वाढली! अमेरिकेच्या ॲरिझोना विद्यापीठातले मारेक झ्रेडा आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली ही पद्धत मांडली. एका नळीला सुमारे दोनशे मीटरपर्यंतच्या सगळ्या आवाराची सरासरी ओल कळते. ओल्या मातीत ती १५-२० सेंटिमीटर खोल बघते, अगदी कोरड्या मातीत अर्ध्या मीटरच्याही खाली. एक काठी न खुपसता!

आता गंमत बघा. मोठ्या मॉनिटरला बाहेरून प्लॅस्टिकचा जाड कोट कशाला असतो? जमिनीकडून येणारे हे उरलेसुरले न्यूट्रॉन आत येऊ नयेत म्हणून! त्याला आकाश मोजायचं असतं, मातीची लुडबुड नको असते. आणि मातीच्या यंत्राला नेमकी तीच हवी असते. त्याला नको असते ती आकाशाची लुडबुड. म्हणून मातीच्या यंत्राचा आकडा आला की त्यातून हवेचा दाब वजा करतात, हवेतली वाफ वजा करतात आणि सूर्याचा लहरीपणाही वजा करतात. सूर्याचा लहरीपणा कळतो कुठून? कुठल्यातरी मोठ्या मॉनिटरकडून. त्यासाठी बहुतेकदा स्वित्झर्लंडच्या बर्फातल्या युंगफ्राउयोखच्या मॉनिटरचे आकडे घेतात. म्हणजे मातीत पाणी किती आहे हे नक्की सांगायला बर्फाच्या डोंगरावरच्या यंत्राची साक्ष काढावी लागते.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी हजेरी झाल्यावर मी मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उभं केलं. तो घाबरला. मी सगळ्या वर्गाला सांगितलं, "जूनमध्ये याने मला एक गोष्ट सांगितली होती आणि मी ती खोटी म्हटलं होतं. ती खरी आहे. चूक माझी होती, याच्या मामाची नाही." चूक वर्गासमोर झाली होती, म्हणून कबुलीही वर्गासमोरच द्यायची, असं मी इंद्रायणीतच ठरवलं होतं. खरं सांगते, बोलताना घसा कोरडा पडला होता. मग गोट्या काढल्या आणि फरशीवर प्रयोग करून दाखवला.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, पण आमच्या भाताच्या खाचरात तर पाणीच उभं असतं. तिथे यंत्र काय सांगणार?"

मी पुन्हा घाई केली नाही. गोट्या हातात घेऊन विचार केला आणि म्हटलं, "काहीच नाही सांगणार फारसं. सगळीकडे पाणीच असलं की आकडा जो खाली जाईल तो तिथेच राहील. आणखी पाणी घाल, त्याला कळणार नाही. पण भात कापल्यावर आजोबा उरलेल्या ओलीवर वाल पेरतात ना? तेव्हा खाली किती ओल उरली आहे ते मात्र ते सांगेल."

"आजोबा टाचेने उकरून बघतात," तो म्हणाला.

"मग दोघांचं उत्तर सारखं येतं का, ते बघायला हवं."

"आणि शाळेच्या गच्चीवर लावलं तर बाई?"

गच्चीवर माती नाही. मी विचार करत होते, तेवढ्यात त्यानेच उत्तर दिलं, "टाकीत पाणी आहे की संपलं ते कळेल!" आमच्याकडे पाण्याचे वार ठरलेले असतात आणि सोमवारी टाकी रिकामी असते, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. वर्ग पुन्हा हसला. या वेळी तोही हसत होता.